बोक्याच्या ओळी

४ जून

प्रिय बोक्या,

अनेक आशीर्वाद, आणि जाताना पाठीत घालायचा राहून गेलेला एक धपाटा. आम्ही इकडे बऱ्या आहोत. तुम्ही दोघंही बरे असणार, कारण काही बिनसलं की तू फोन करतोस आणि फोन तर आलेला नाही.

आईचा गुडघा होता तसाच आहे. जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय, तरी ही बाई रोज वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, "लिफ्टने गेले होते." लिफ्ट कधीची बंद आहे. मला दिसतं सगळं, लगेच बोलत नाही एवढंच.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. अरे, आयुष्य गेलं माझं लोकांच्या नोंदी सांभाळण्यात. फोनवर बोललं की कुठेतरी साठतं, मेसेज तर साठतोच साठतो. कागद बरा, फाडता येतो. आणि हे पत्र तुझी राणीसरकार तुझ्याआधी उघडणार हे मला ठाऊक आहे, म्हणून तिलाही कळेल असं सोपं करून लिहिते. वाच हो राणी, संकोच नको.

तर बातमी अशी की आपल्या संस्थेच्या परीक्षेचा निकाल फुटला. सोमवारी सकाळी जाहीर व्हायचा, तो आदल्या दिवशीच काही जणांना पाठ होता. टायसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तू नोकरी सोडून गेल्यावर हे साहेब आले, उकाड्यातही टाय सोडत नाहीत. म्हणाले, "बाई, आत कोणीतरी शिरलंय. लॉग बघा आणि नाव सांगा." जसं काही नाव कपाटात घडी घालून ठेवलंय आणि मी फक्त काढून द्यायचंय.

राणी, तुझ्यासाठी सांगते. सर्व्हर दिवसभर जे काही करतो ते एका फाइलीत ओळीखाली ओळ लिहीत जातो, त्याला लॉग म्हणायचं. किती लिहायचं ते आपण ठरवून द्यायचं. आमच्याकडे आजवर काही बिघडलं तरच ओळ पडायची. हे तुझ्या नवऱ्यानेच तसं ठेवलं होतं. मी कटकट केली की म्हणायचा, "ताई, सगळं लिहून ठेवलं तर वाचणार कोण?"

आता वाचणारी मी आहे. सेटिंगची फाइल उघडली, प्रत्येक हालचाल लिही असं सांगितलं, आणि दोन्ही सर्व्हर एकामागून एक बंद करून चालू केले. आता मुंगी शिरली तरी ओळ पडते.

तुझ्या खुर्चीत एक नवी मुलगी आली आहे. काम करताना सारखी गुणगुणत असते, म्हणून मी मनात तिला मैना म्हणते. कामाला बरी आहे. जरा जास्तच बरी आहे. मी काही सांगायच्या आधीच तिला माहीत असतं, आणि असं कसं माहीत असतं हे मला अजून उमगलेलं नाही.

हो, आणि राणीच्या भावाचं अभिनंदन. पास झाला म्हणे. त्याच्या मित्राची आई मला बाजारात भेटली, ती सांगत होती की त्याने रविवारीच सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. हुशार मुलांना आधीच अंदाज येतो, नाही का?

जाताना तू तुझं लॉगिन बंद करून गेला होतास ना? सहज विचारलं. तू का गेलास, इतक्या तडकाफडकी का गेलास, ते मी विचारणार नाही. तिकडची नोकरी अजून कायम झाली नसेल, तेव्हा जपून राहा, कोणाच्या भानगडीत पडू नकोस.

उत्तर लिही, आणि नीट बसून लिही.

तुझी
ताई



१९ जून

प्रिय बोक्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवेवर. तिकडे उकडतंय हे वाचून मला खूपच ज्ञान मिळालं.

लॉगिनचं तू लिहिलंस, "ते तूच बंद केलंस ताई, मी खुर्चीतून उठायच्या आधी." हो, केलं. नियम आहे. माणूस निघाला की त्याचं खातं बंद करायचं, मग तो भाऊ असो की आणखी कोणी. त्यात एवढं टोचून लिहिण्यासारखं काही नव्हतं. आणि राणीच्या भावाबद्दल मी विचारलं त्याला तू उत्तरच दिलं नाहीस. माणूस कशाला उत्तर देतो त्यापेक्षा कशाला देत नाही ते मी आधी बघते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

आता ऐक. लॉग बघायला आपलं ते पान आहे ना, जुन्या साहेबांच्या वेळचं, ब्राउझरमध्ये उघडतं ते. राणी, त्या पानावर एक चौकट आहे. तिच्यात शब्द टाकला की तो शब्द ज्या ज्या ओळीत आहे त्या सगळ्या ओळी ते शोधून देतं, वर एकूण किती सापडल्या तो आकडा देतं, आणि तो शब्द पिवळा करून दाखवतं. ओळी लांबलचक असतात म्हणून दोन्ही बाजूंनी कापून दाखवतं. तर त्या पानावर मी एक नाव शोधलं. कोणाचं ते आत्ता सांगत नाही. पहिल्या दिवशी काही नाही. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी परत शोधलं तर सापडलं.

एसीचा आवाज, पंख्यांचा आवाज, आणि समोर ते नाव पिवळंधमक. मी लगेच परत शोधलं. वाढलं होतं. जेवून आले, शोधलं, आणखी वाढलं. तेव्हापासून हेच चाललंय. मी कामावर असले की तो येतो. मधे मला ताप आला, घरीच होते, त्या दिवशी एकही ओळ नाही. म्हणजे बघ, मी खुर्चीत आहे की नाही हेसुद्धा त्याला कळतं! मी बसले की मुद्दाम यायचं, माझ्या नाकाखालून जायचं. हे बाहेरच्या माणसाला जमेल का? आतून कोणीतरी सांगतंय. मैना त्या दिवशी माझ्या तब्येतीची चौकशी करायला फोन करत होती, दोनदा. आता कळलं एवढी माया का ते.

कुठून येतो तेही कळत नाही. बाहेरून आपल्या नेटवर्कवर येणारा प्रत्येक जण आधी दारावरच्या मशीनमधून जातो आणि लॉगमध्ये पत्ता पडतो तो त्या मशीनचा, हे तुला सांगायला नको. ती मांडणी तूच केली होतीस. तेव्हा मी कौतुक केलं होतं.

आईला काल हे सगळं सांगितलं, म्हणजे नाव न घेता. ती अभ्रे दुमडत होती. म्हणाली, "तू लहानपणी खाटेखाली चोर आहे का ते बघायला रोज खाली वाकायचीस. आणि वाकलीस की घाबरायचीस." मी म्हटलं, "आई, हे मशीन आहे. मशीन खोटं बोलत नाही." तर म्हणे, "मी कुठे म्हटलं खोटं बोलतं?" आणि गेली शिंपीणबाईंकडे.

दुपारी जेवल्यावर तू काय करतोस रे? तिकडे तुम्हाला बाहेरचं इंटरनेट मोकळं असतं का? नाही, आपलं विचारते. आणि जाताना एखादं दुसरं दार उघडं राहिलं असेल, चुकून म्हणा, विसरून म्हणा, तर मला आत्ताच सांग. मी गुपचूप लावून घेईन. कोणाला कळायचं नाही. मी एकदा विचारतेय, दोनदा नाही विचारणार.

रोज सकाळी ते पान उघडायची मला आता भीती वाटते आणि उघडल्याशिवाय राहवत पण नाही. चहा निवतो. खाली खाली सरकवत जावं तर संपतच नाही, पिवळं, पिवळं, पिवळं. बोका, बोका, बोका.

झालं. लिहून बसले. आता खोडत नाही.

तुझी
ताई



२ जुलै

बोक्या,

परवा फोनवर तू ओरडलास. आई शेजारी होती, तिला सगळं ऐकू गेलं. म्हणून ज्याला ओरडता येत नाही त्या कागदावर लिहिते.

तू म्हणालास, "ताई, तुला खरंच असं वाटतं?" मी म्हणाले, "मला काही वाटत नाही, मला दिसतं." तेच आजही म्हणते. तुझं बंद केलेलं लॉगिन, बोका, माझ्या फाइलीत दिवसाढवळ्या फिरतंय. तुझ्या बायकोच्या भावाला निकाल आधी कळलेला आहे. तू नोकरी सोडलीस ती कारण न देता. यातलं मी काय गाळू, सांग. तुला पाळण्यात मी झोपवलंय, तुझी साय चोरायची सवय मीच झाकून घातली, त्यावरूनच तर नाव पडलं. पण साय घरातली होती.

तुझ्या नव्या कंपनीचं पत्र आमच्याकडे आलं. कायम करण्याआधी ते जुन्या ठिकाणी विचारतात, माणूस कसा आहे, विश्वासाचा आहे का. टायसाहेबांनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ आहे तुमचा. तुम्ही नाही लिहिलंत तरी मी समजून घेईन." असं म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ मला कळतो. आज नाही लिहिलं की उद्या हेच म्हणणार, भाऊ-बहीण दोघं मिळालेले आहेत. तेव्हा मी लिहिलं. चौकशी चालू आहे, संशयास्पद नोंदी सापडल्या आहेत, असं. सोबत अहवाल जोडला. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

चौकशीला साहेब आणि संस्थेच्या वकीलबाई बसणार आहेत. मी त्यांच्यासमोर मोठ्या पडद्यावर सगळं दाखवणार आहे. तुझं म्हणणं तुला लेखी देता येईल.

आई माझ्याशी बोलत नाही. काय हवं-नको ते शिंपीणबाईंच्या तोंडून कळवते. आज त्या दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या आईंना दूध हवंय." आई आतल्या खोलीत बसलेली! मी दूध दिलं.

तू म्हणशील हिला काळीज नाही. आहे. पण मी ज्या खुर्चीत बसते तिथे काळजाला विचारून चालत नाही. असं तुला शिकवणारी मीच होते.

विभागप्रमुख, सर्व्हर



१६ जुलै

प्रिय बोक्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. "आदरणीय मॅडम, आपला अहवाल माझ्या कंपनीकडे पोहोचला. मला कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं आहे." एवढंच. खाली सही. मॅडम वाचलं आणि मी ती चिठ्ठी उलटी करून ठेवली. थोड्या वेळाने परत सरळ केली. तिच्यावर दुसरं काही नव्हतं.

काल चौकशी झाली. तिथे काय झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं. हे पत्र राणीनेही वाचावं, मोठ्याने वाचलं तरी चालेल.

बैठकीच्या खोलीत मोठा पडदा लावला होता. साहेब एका बाजूला, वकीलबाई दुसऱ्या बाजूला. या बाई बोलतात कमी आणि पेनाचं टोपण उघडझाप करतात, टकटक. मैना संगणकाच्या तारा जोडायला आणि पाणी ठेवायला. मी साडी नीट चापूनचोपून नेसून गेले होते. खोटं कशाला सांगू, मला चांगलं वाटत होतं. इतके दिवस मी एकटी बघत होते, आज इतरांना दाखवणार होते.

मी ते पान उघडलं. तुझं नाव टाकलं, एंटर मारलं. पिवळ्या ओळी धडाधडा खाली आल्या. साहेब म्हणाले, "बापरे." वकीलबाई म्हणाल्या, "वरचा आकडा जरा परत दाखवा, मला लिहून घ्यायचाय." पान वर सरकलं होतं, म्हणून मी परत एंटर मारलं.

त्या म्हणाल्या, "मघाशी एक कमी होती."

मी ओरडलेच. "बघा! आत आहे तो! आत्ता, या क्षणी आत आहे!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मी मैनाला म्हटलं, "पळ, दारावरच्या मशीनची बाहेरची तार उपट." ती पळाली. तिला तार माहीत होती. तीसुद्धा कशी काय माहीत, असं तेवढ्यातही माझ्या मनात आलंच, बघ. परत येऊन धापा टाकत म्हणाली, "उपटली मॅडम, बाहेरचं सगळं तुटलं." आता कोणी बाहेरून येणं शक्यच नव्हतं. मी एंटर मारलं.

एक वाढली.

टोपणाचा आवाज थांबला. मी हळूच मान वळवून मैनाकडे बघितलं. आतलं माणूस ते हेच, धरलं आता. त्या पोरीने माझा चेहरा वाचला असावा. तिने दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मॅडम, मी कशालाच हात लावलेला नाही." तिचा फोन टेबलावर होता, वकीलबाईंच्या पुढ्यात.

मी एंटर मारलं. एक वाढली.

पुन्हा मारलं. पुन्हा एक.

बोक्या, तुला एव्हाना कळलं असेल. तुला तर १९ जूनच्या पत्रावरच कळलं असतं, मी सरळ विचारलं असतं तर. मला तिथे, सगळ्यांसमोर कळलं. मी ते कापून दाखवणारं पान बाजूला केलं, मूळ फाइल उघडली आणि शेवटची ओळ पूर्ण वाचली. इतक्या दिवसांत मी एकही ओळ पूर्ण वाचली नव्हती. तुझं नाव पिवळं दिसलं की मला पुरे व्हायचं. पूर्ण ओळीत असं होतं की लॉग बघायचं पान उघडलं गेलं, त्या पानावर अमुक शब्द शोधला गेला, शोधलेला शब्द बोका. आणि शोधणारीचं लॉगिन. माझं.

राणी, तुला कळावं म्हणून लिहिते. ते पानही त्याच सर्व्हरवर चालतं. मी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं की प्रत्येक हालचाल लिही. मग मी तुझ्या नवऱ्याचं नाव शोधलं. सर्व्हरने इमानदारीने लिहिलं की हिने हे नाव शोधलं. आता फाइलीत ते नाव आलं. पुढच्या वेळी शोधलं तर सापडणारच. सापडलं म्हणून मी परत शोधलं, म्हणून आणखी एक. मी तापाने घरी होते तेव्हा ओळ नव्हती, कारण शोधायला मी नव्हते. तो कधी आलाच नव्हता गं. फाइलीत मी एकटीच येत-जात होते.

साहेबांना कळायला वेळ लागला. वकीलबाईंना नाही लागला. त्यांनी मैनाला खाली बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "हिचं नाव शोधून बघा." मी मैनाचं आडनाव टाकलं, कारण तिचं लॉगिन रोजच्या कामामुळे फाइलीत असणारच. काही नाही. परत टाकलं. एक ओळ.

"साहेबांचं?" तेही तसंच. आधी शून्य, मग एक.

मग त्यांनी विचारलं, अगदी शांतपणे, रागाने नाही. "म्हणजे बाई, इतक्या दिवसांत तुम्ही दुसऱ्या कोणाचंच नाव शोधलं नव्हतंत? संस्थेत एवढी माणसं आहेत. सोडून गेलेलेही बरेच आहेत. एकाचंही नाही?"

उत्तर होतं, पण ते त्यांना द्यायचं नव्हतं, तुला द्यायचं आहे.

नाही शोधलं. निकाल फुटला म्हणून साहेबांनी सांगितलं त्या क्षणी मनात तुझंच नाव आलं. राणीच्या भावाचं कळलं ते नंतर. ते कळलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, मला तर सापडल्यासारखं वाटलं. तू गेलास ना, त्याचा राग होता. तू कारण दिलं नाहीस, पण कारण मला माहीत होतं. तुझी प्रत्येक सेटिंग मी मागाहून उघडून बघायची, तू जेवायला गेलास की तुझ्या खुर्चीत बसायची, तू रजा घेतलीस की आईला फोन करून खात्री करायची. तू बिचारा काही बोलला नाहीस, उठून गेलास. तू चोर ठरला असतास तर तू माझ्यामुळे गेला नाहीस असं झालं असतं. एवढ्यासाठी मी तुला चोर करत होते.

आणखी एक सांगते, ते सांगताना लाज वाटते. शेवटची ओळ वाचून तू निर्दोष आहेस हे कळलं, तेव्हा पहिल्या झटक्याला मला आनंद झाला नाही. हरल्यासारखं वाटलं. आनंद झाला तो मागाहून, जिन्यात. तिथे बसून मी रडले. मैना माझी पर्स घेऊन मागे आली, बाजूला बसली, गुणगुणली नाही. तिला मी काय काय समजले होते ते तिलाही सांगितलं. म्हणाली, "मॅडम, दारावरच्या मशीनची तार तुम्हीच मला पहिल्या दिवशी दाखवली होती."

निकालाचं काय, म्हणशील. वकीलबाईंनी तेही विचारलं, की तो फुटला त्या दिवसाची नोंद दाखवा. ती नाही. जुनी राहिली असती, त्रोटक का होईना. पण सर्व्हर ठरलेल्या संख्येइतक्याच फायली ठेवतो, नवी भरली की सगळ्यांत जुनी पुसून टाकतो. मी सगळं लिहायला लावलं, फायली भराभर भरल्या, आणि नेमके तेच दिवस पुसले गेले. संख्या वाढवायची मी विसरले. शिकाऊ पोराने ही चूक केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. खरा कोण होता, आता कळणार नाही. राणीच्या भावाला कसं कळलं, मला माहीत नाही, आणि आता मी विचारणारही नाही. तो मुलगा अभ्यास करून पास झाला असेल, एवढंच मी धरून चालते. त्याची माफी मागायची राहिली आहे, ती तुझ्याकरवी नाही, मी स्वतः मागेन.

टायसाहेबांचा अंदाज वेगळा आहे. ते म्हणाले, "नोंदी पुसल्या तुम्ही, भावाचं नाव भरलं तुम्ही. हे सगळं चुकून झालं यावर मी विश्वास कसा ठेवू?" कसा ठेवतील? मी त्यांच्या जागी असते तर ठेवला नसता. मला घरी बसायला सांगितलं आहे. चाव्या आणि ओळखपत्र घेतलं. आजपासून मैनाने बसून माझं नाव शोधायचं आहे. निघताना मी तिला एवढंच म्हटलं, ओळ पूर्ण वाच.

पण तुझ्या कंपनीला मी काल संध्याकाळीच लिहिलं, खाली वकीलबाईंचीही सही घेतली. अहवाल चुकीचा होता, नोंदी माझ्या हातून झालेल्या आहेत, तुझ्यावर कोणताही आक्षेप नाही. फोनही केला. तिथला माणूस म्हणाला, आमच्या वरिष्ठांना कळवतो, पण एकदा असं पत्र आलं की जरा अवघड असतं, बाई. मी म्हटलं, मी स्वतः येते, तुमच्या वरिष्ठांसमोर उभी राहते, काय विचारायचं ते विचारा. तो म्हणाला, कळवतो. काय होईल मला माहीत नाही. तुझी नोकरी परत मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. देता आलं असतं तर काय हवं होतं. हे पत्रही त्यांना दाखव. घरातलं आहे म्हणून लाजू नकोस, लाजायचं ते मी.

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलली. "त्याला कळवलंस का?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं तर कागद आणून पुढ्यात ठेवला. आत्ता पलंगावर बसून मी लिहिते की नाही ते बघते आहे. बघू दे.

वकीलबाईंनी त्या फायली जपून ठेवायला सांगितल्या आहेत, पुरावा म्हणून. त्यात तुझ्या नावाच्या जितक्या ओळी आहेत, तितक्या वेळा तुझ्या बहिणीला वाटलं की तू चोर आहेस. त्या फायलींत एवढंच लिहिलंय, बोक्या. तू केलेलं असं त्यात काहीच नाही.

तुझी म्हणून सही करायचा धीर होत नाही,
ताई